बशीतली हिराआत्या

हिराआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा पुण्याच्या प्रयोगशाळेत मी तिलाच पाहत होते... म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, तिच्या फुप्फुसातल्या पेशींपासून वाढवलेले खसखशीहून बारीक गोळे. ते संथपणे स्वतःभोवती फिरत होते. रेवदंड्याहून आतेभाऊ सांगत होता, आई सकाळी झोपेतच गेली. माझी नजर काही त्या गोळ्यांवरून हलेना.

आत्यानं जन्मभर सुकी मासळी विकली आणि चुलीचा धूर गिळला. जिभेनं फटकळ, पण तिच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही. पुढे फुप्फुसं घट्ट होत जाणारा आजार जडला. तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यातला उरलेला भाग तिनं आम्हाला राजीखुशीनं दिला. त्यातल्या मूळपेशी काचेच्या बशीतल्या पोषक द्रवात फुप्फुसाच्या अस्तरासारखे पोकळ गोळे घडवतात. माणसाला देण्याआधी औषध त्यांच्यावर पारखता येतं. फोनवर मी तिला ते फिरताना दाखवले तेव्हा तिनं विचारलं,

"त्यांना खोकला येतो का गो?"

"नाही आत्या, खोकायला अख्खं माणूस लागतं."

"मंग सुखी हायत."

शेवटची भेट तिच्या मागच्या पडवीतली. तिच्या नाकाला नळी, समोर भरतीची खाडी, उन्हात सगळं धूसर... होड्या पाण्यावर आहेत की हवेत, तेच कळत नव्हतं. नवं औषध तपासायचं होतं. पण बशीत गोळे निरोगी वाढले होते, त्यांना आधी मुद्दाम तिचा आजार द्यावा लागणार होता, आणि तिच्या पेशींची ती एकच बशी तगली होती. माझा हात होत नाही, असं मी तिला सांगितलं. ती हसली, हसतानाही तिला मध्ये थांबावं लागलं. आतोबा गेले तेव्हा त्यांची होडी आठवण म्हणून किनाऱ्यावर ठेव, असं सगळे म्हणत होते. हिनं ती लगेच दिराबरोबर मासेमारीला धाडली. लोकांनी नावं ठेवली.

"वाळूवर ठेवली का लाकूड फुटतं," ती म्हणाली. "मी गेल्यावर तू पन जपत बसशील. न्हाय बसायचं. कुनाच्या तरी कामी लाव."

मी जपतच बसले. दिवसकार्य आटोपून परतले आणि कितीतरी दिवस त्या गोळ्यांना नुसतं खाऊपिऊ घालत राहिले. तिथं तिला दम लागत नव्हता. जगात उरलेलं असं एकच ठिकाण, ते मी माझ्याच हातानं कसं मोडू...

गेल्या आठवड्यात मोडलं. बशीत आजार घडवणाऱ्या द्रवाचा थेंब सोडला. हळूहळू गोळे मंदावले, जिवंत असूनही फिरायचे थांबले, आणि मी तिथंच खुर्चीत बसून पोटभर रडले. फोन आला त्या दिवशीही मी एवढी रडले नव्हते.

आज सकाळी प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीनं बशा ठेवायचं उबेचं कपाट उघडलं. आमच्याकडे त्या बशीला क्रमांकानं कुणी ओळखत नाही. तिनं सवयीनं विचारलं, "आत्याला खायला घातलंस?"

"घालते," मी म्हटलं. "आधी तिचं औषध."