काट्यावर चढवलेला ट्रक

व्हर्डा क्रोगरला ट्रक विकणाऱ्या माणसांची किळस होती, आणि त्या एप्रिलमध्ये तिने तशी माणसं सहा शोरूममध्ये पाहिली. सव्वीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात एकशेऐंशी पोरांचं जेवण रांधत आली होती. पीठ असो की लोणी, वजन केल्याशिवाय तिने कधी भांड्यात टाकलं नाही. 'अंदाजे' म्हटलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची, आणि इथे तर सगळा बाजारच अंदाजावर चाललेला.

तिची गरज साधी होती. नवरा ऑरिन चाळीस वर्षं धान्याच्या कोठारात धूळ खाऊन छातीने अधू झालेला. विमानात बसायला डॉक्टरांची मनाई. मुलगी जॉनेल ऑरेगनला, समुद्राकाठी, आणि तिचं घर त्याने अजून पाहिलेलं नव्हतं. म्हणून दोघांनी बिछाना, चूल, संडास सगळं आत असलेला एक जुना ट्रेलर घेतला. जूनमध्ये शाळा सुटली की ऑक्सिजनच्या यंत्रासकट निघायचं ठरलं. आता तो ओढायला ट्रक हवा होता. नेब्रास्काच्या सपाटीवर कुठलाही ट्रक कुठलाही ट्रेलर ओढतो. पण पुढे घाट होते, आणि उतारावर मागचा ट्रेलरच ट्रकला ढकलायला लागला तर खेळ खलास. शिवाय परत आल्यावर त्याच ट्रकने रोज अठ्ठावीस मैल खडीच्या रस्त्याने शाळा गाठायची होती.

"दहा हजार पौंड ओढतो," ब्रेंट नावाचा विक्रेता ऑरिनला म्हणाला. प्रश्न व्हर्डाने विचारला होता. "डोळे झाकून घ्या, साहेब. मॅडमना रंग आवडला ना?"

"रंग काय चाटायचाय?" व्हर्डा म्हणाली आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून खाली वाकली.

दाराच्या चौकटीवर एक पिवळा स्टिकर असतो. ट्रक ओढतो किती ते जाहिरातीत बोंबलून सांगतात. अंगावर किती घेतो ते तिथे बारीक अक्षरांत लिहितात. माणसं, कुत्रं, सामान आणि हूकवर टेकणारं ट्रेलरचं तोंड, सगळं त्यात आलं. या चकचकीत ट्रकवर आकडा होता तेराशे चाळीस. पलीकडे उभ्या असलेल्या साध्या पांढऱ्या ट्रकवर अठराशे. चामड्याच्या सीट, काचेचं छप्पर, आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या, या सगळ्या नखऱ्यांचं वजन चकचकीत ट्रक आधीच वाहत होता.

व्हर्डाने शाळेच्या जेवणाच्या यादीमागे हिशोब मांडला. ट्रेलरचं तोंड सातशे साठ. हूकचं लोखंड ऐंशी, जनरेटर शंभर, ऑक्सिजनचं यंत्र वीस. डच नावाचा त्यांचा कुत्रा पंचेचाळीस. ती स्वतः एकशे पासष्ट. ऑरिनचं तिने त्याच्या लायसन्सवरून उतरवलं, दोनशे तीस. बेरीज झाली चौदाशे.

"साठ जास्त होतात. पांढरा घेऊ."

"साठ पौंडांनी काय आभाळ कोसळतंय?" सोबत आलेला दीर क्लीट म्हणाला. त्याच्या स्वतःच्या ट्रकची चाकं छातीएवढी, आणि त्यातून आजवर बिअरच्या खोक्याखेरीज काही गेलेलं नव्हतं. "माझा ट्रक अख्खं घर ओढेल, व्हर्डा!"

"आधी आमच्या अंगणात पडलेलं तुझं गवत कापायचं यंत्र ओढून ने. दोन वर्षं झाली."

ऑरिन मात्र चकचकीत ट्रकमध्ये जाऊन बसला होता. "याची सीट गरम होते गं," तो म्हणाला.

"एप्रिल आहे, ऑरिन."

"तरी बरं वाटतं."

व्हर्डाला त्याचाही राग आला. जन्मभर खिडकी उघडी टाकून ट्रक चालवलेला माणूस, आणि आता याला बूड शेकायला हवं! पण त्याचं मन मोडवेना. "कोठाराच्या वजनकाट्यावर घालू," ती म्हणाली. "मग कुणी बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ब्रेंटने ट्रक चालवून बघायला दिला आणि क्लीटच्या गाडीत बसून तोही मागोमाग आला. कोठाराच्या काट्यावर ऑरिनचा जुना सोबती लोवेल होता. त्याने आधी रिकाम्या ट्रकचं वजन घेतलं. मग ट्रेलर जोडून, सगळं भरून ट्रक पुन्हा वर चढवला. ट्रेलरची चाकं काट्याबाहेर ठेवली.

"रिकाम्यापेक्षा तेराशे वीस जास्त भरलं," लोवेल खिडकीतून ओरडला.

ब्रेंटने टाळी वाजवली. व्हर्डा खाली उतरून लोवेलच्या खिडकीशी गेली. "तुझा काटा चुकतोय. चौदाशे भरायला हवं."

"अख्ख्या मुलखाचा गहू या काट्यावर विकला जातो, बाई. मार्चमध्येच सरकारी माणूस शिक्का मारून गेलाय."

मग तिने एकेक वस्तू उतरवायला घेतली. क्लीटला हाक मारून जनरेटर खाली घेतला. शंभर, बरोबर. डचला उतरवलं. साठ.

"पंचेचाळीसचा आहे तो!"

"आता साठचा आहे," लोवेल म्हणाला.

कुत्रं पंधरा पौंडांनी वाढलेलं, आणि तरी एकूण वजन कमी. डच ऑरिनच्या दाराखाली जाऊन जिभल्या चाटत बसला. व्हर्डा त्याच्याकडे बघत राहिली.

"ऑरिन, खाली उतर."

"कशाला उगाच? गुडघे दुखतात."

"उतर म्हणते ना."

पायरी आपोआप बाहेर आली आणि तो सावकाश उतरला. लोवेलने आकडा पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"सांग, लोवेल."

"एकशे पस्तीस."

ऑरिनच्या अंगात डगल्याखाली दोन जाड शर्ट होते. दोन्ही तीच रोज धूत होती. "कधीपासून?" तिने विचारलं.

"नाताळापासून गिळवत नाही. तू एवढ्या पोरांचं रांधून येतेस, वर माझं ताट वाढतेस. तू बेसिनकडे वळलीस की डचला देतो."

"आणि डॉक्टर काय म्हणतात?"

"जूनचं काही बोलत नाहीत."

व्हर्डाला स्वतःची शिसारी आली. मिठाची चिमूटसुद्धा तोलणारी बाई, आणि नवऱ्याचं वजन तिने लायसन्सवरून उतरवलं होतं.

"बघ, बसतंय की नाही!" मागून क्लीट ओरडला. त्याने ऐकलं होतं फक्त तेराशे वीस. "वर वीस पौंड उरले!"

त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावं असं तिला वाटलं, पण ती ब्रेंटकडे वळली. "हाच घेते. कागद तयार कर."

"छान निवड, मॅडम! जूनपर्यंत नंबरप्लेटही..."

"शनिवारी निघतोय."

"शाळा आहे ना तुझी?" ऑरिन म्हणाला.

"पोरं खातील सँडविच."

तो ट्रक तिला काल जितका ओंगळ वाटला होता तितकाच आताही वाटत होता. तिने ऑरिनला वर बसवलं, पट्टा त्याच्या अंगासरसा होईपर्यंत ओढला, सीट गरम करायचं बटण शेवटच्या आकड्यापर्यंत दाबलं आणि दार लावलं.