जांबाला दाखवलेली विळी

चैत्रातलं ऊन तापलं की मला अजून आमचं कल्याणचं परस आठवतं, आणि त्यात नाक वर करून हिंडणारी मी.

लग्न होऊन आले तेव्हा माहेरून, ठाण्याहून, एक रोप मांडीवर घेऊन आगगाडीत बसले होते. जांबाचं. घंटेसारखी, पांढऱ्यावर गुलाबी झाक असलेली ही फळं सासरच्या आळीत कुणी पाहिली नव्हती. मग काय! "आमचे ठाण्याचे जांब म्हणजे नुसता मध," असं मी विहिरीवर येईल त्या बाईला ऐकवायची.

झाड पडवीच्या वर गेलं, पण फळ धरेना. बायका विचारत, "काय गं, मध कुठाय?" मी आपली मान खाली घालून अळवाला पाणी घाली.

एके सकाळी सासूबाई मामंजींना म्हणाल्या, "ऐकलंत का, आज त्या जांबाला कोयता दाखवा."

माहेरची तेवढीच खूण, तीही तोडणार! सुनेने विचारायची सोय नव्हती. मी गुपचूप कोयता उचलला आणि विहिरीत टाकला.

घरभर शोधाशोध झाली, तेव्हा मला रडूच फुटलं आणि मी सगळं सांगून टाकलं.

"अगं वेडे," सासूबाईंनी कपाळाला हात लावला, "खरंच का तोडायचंय? न धरणाऱ्या झाडाला भिववायचं असतं. त्यांनी कोयता उगारायचा, तू म्हणायचं, 'नका तोडू, पुढल्या साली धरेल.' तुमच्या ठाण्याला एवढंही करत नाहीत?"

"आमची झाडं आपणहून धरतात," मी हुंदके देत म्हटलं. ऐट बघा!

शेवटी सासूबाईंनी विळी आणून दिली. खोबऱ्याचा कीस तिला चिकटलेलाच. मामंजींनी ती पाटासकट उगारली, आणि मी खोडाला मिठी मारून असा गळा काढला की शेजारणी धावत आल्या. तांबड्या मुंग्यांनी मला नाचवलं ते निराळंच.

"हे झाड हसेल," मामंजी म्हणाले, "धरायचं नाही."

पुढल्या चैत्रात ते लगडलं. देवापुढे परडी ठेवून सासूबाईंनी एक फळ चावलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी.

"हे तर नुसतं पाणी! एवढ्यासाठी माझा कोयता बुडवलास?"

असं म्हणत त्यांनी परडी पदराआड ओढली, आणि ती रिकामी होईपर्यंत मला काही दिली नाही.