मयताच्या नावाने उघडलेली लाइन

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. तेव्हा मी पवनी पोलीस ठाण्यात नेमणुकीला होतो. एका सकाळी एक मासेमार तक्रार घेऊन आला. धरणातून वैनगंगेत पाणी सोडण्याआधी वाजणारा काठावरचा भोंगा आदल्या दुपारी वाजलाच नव्हता. त्याचा भाऊ वाहत जाऊन झाडाला धरून कसाबसा वाचला होता.

"साहेब, त्या भोंग्याच्या डब्यातून रोज साडेतीनले कोनी कन्हल्यावानी आवाज येते," तो म्हणाला. "आमी तिकडं जानंच सोडलं."

नोंद करून मी भोंग्यांची देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराच्या कचेरीत गेलो. तिथल्या राउटरमधून प्रत्येक भोंग्याच्या मोडेमला दुरून जोडणी करता येत असे, पण एका वेळी एकाच माणसाला.

"आम्ही भोंगा वाजवायचा हुकूम पाठवला तेव्हा लाइन कोणीतरी धरून ठेवली होती," अभियंता म्हणाला. त्याने जोडण्यांच्या यादीतलं नाव दाखवलं. त्यांचाच तो ऑपरेटर चार महिन्यांपूर्वी अपघातात गेला होता. पंचनामा मीच केला होता.

आम्ही पडद्यासमोर बसून राहिलो. साडेतीनला ते नाव उमटलं. मग एकेक अक्षर येऊ लागलं, प्रत्येक शब्दानंतर दोन मोकळ्या जागा सोडून.

"तो असंच टाइप करायचा," अभियंत्याने खुर्ची मागे घेतली. त्याचा हात लाइन तोडायला गेला. मी तो धरला. जोडणी चालू असतानाच माग काढायचा होता.

सायबर शाखेने दिलेला पत्ता जवाहरनगरच्या एका क्वार्टरचा निघाला. तिथे त्या ऑपरेटरची बायको भावाकडे राहत होती. महिला शिपायाला सोबत घेऊन मी चौकशी केली. नवऱ्याचा जुना लॅपटॉप तिने स्वतःच समोर आणून ठेवला.

"हे काहून करत होत्या, बाई?"

तिने लॅपटॉपचं झाकण उघडलं. मग म्हणाली, "ते घरून काम करत तवा मी बाजूले बसून पाहो; पासवर्ड, शब्दामागं दोन जागा सोडनं, सारं तिथंच शिकली. त्यायचं नाव टाकलं का तिकडून 'जोडलं' म्हणून येते. बाकी कुठंच त्यायच्या नावाले उत्तर येत नाई, साहेब."

झाडाला धरून वाचलेल्या त्या मासेमाराच्या भावाबद्दल मी सांगितलं. तिने लॅपटॉप मिटून माझ्याकडे सरकवला. लाइन अडते, हे तिला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत ते खातं बंद करताना तिने विचारलं, "शेवटची कळ मी दाबू?" अभियंता बाजूला सरला. काठावरच्या डब्यातलं कण्हणं, म्हणजे जोडणी होताना वाजणारा मोडेम, त्या दिवसापासून थांबलं.

अहवालात मी तिच्या कृत्यासोबत ते खातं चार महिने चालू ठेवणाऱ्यांची हयगयही लिहिली. त्यानंतर कुठल्याही मृत्यूच्या तपासात मी घरच्यांना एक प्रश्न जास्तीचा विचारू लागलो: त्यांचं नाव अजून कुठे चालू आहे? बहुतेक जण मयताचा अजून चालू असलेला फोन खिशातून काढतात.