शनीवरची खरखर

आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीचे वॉचमनकाका पूर्वी उरणला होडीवर जायचे. त्यांच्याजवळचा ट्रान्झिस्टर तेव्हाचाच. तो ते गाण्यांसाठी लावत नाहीत, नुसत्या खरखरीवर ठेवतात. खरखर वाढली की कुठेतरी वीज पडतेय, होडी मागे फिरवायची. आता समोर पार्किंग आहे, तरी कान तिकडेच.

काल मी त्यांना मोबाइलवर एक आवाज ऐकवला. कसला ते सांगितलं नाही. काकांनी मोबाइल कानाला लावून डोळे मिटले.

"वीज हाय. मोठी हाय."

खरंच होती. शनीवरच्या वादळाची, अवकाशयानाने रेडिओवर टिपलेली. मी तसं सांगितलं.

"तिकडं दर्यावर कुनी नाय ना?"

"नाही काका, तिथे कोणीच नाही."

"मंग बरा," म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांनी मोबाइल कानापासून दूर केला.