दादाला तपासणीला नेलं त्याची गोष्ट

गाडी शिकवणाऱ्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून त्यांनी बावीस वर्षं काढली होती. सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, औषधं झाली. बोटांतल्या मुंग्या तेवढ्या मागे राहिल्या. पुढची सहा वर्षं त्या नेमाने दुर्बिणीच्या तपासणीला जात आणि दर वेळी ऐकून येत, "सगळं स्वच्छ आहे."

या वेळी डॉक्टरीणबाई नव्या होत्या. फाइल चाळता चाळता त्यांनी विचारलं, "वडील कशाने गेले?"

"पोटाच्या दुखण्याने. अठ्ठेचाळीसचे होते."

"त्यांच्या भावंडांत कुणाला?"

"आत्यालाही तसंच झालं होतं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि जनुकांची तपासणी करायला सांगितली. रक्त दिलं, तीन आठवडे गेले, आणि रिपोर्ट आला. दोष जन्मापासूनचा, बहुधा वडिलांकडून आलेला. आता गर्भाशयावरही लक्ष ठेवावं लागणार होतं. सख्ख्या भावात आणि मुलीत तो असण्याची शक्यता निम्मी निम्मी.

"म्हणजे माझ्या खाण्यापिण्याच्या हेळसांडीने नाही झालं हे?" ब्रेकबाईंनी विचारलं. गाडीत बसून अवेळी काहीबाही खाल्लं म्हणून आपण हे ओढवून घेतलं, असं त्या सहा वर्षं मनात धरून होत्या.

"नाही हो. यात तुमचा काही दोष नाही."

खाली येऊन त्या गाडीत बसल्या. सवयीने शेजारच्या सीटवर. स्टिअरिंगपाशी कुणीच नाही हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं, तेव्हा त्या हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायची वेळ आली.

मुलीने चार दिवसांत स्वतःहून रक्त दिलं. खरी अडचण दादाची होती. दादा सुतार, वय सत्तावन्न, सुईचं नाव काढलं की पाणी प्यायला उठणारा. ब्रेकबाई त्याच्या कारखान्यात गेल्या तेव्हा तो रंधा मारत होता.

"मला काही होत नाहीये," तो म्हणाला.

"मलाही काही होत नव्हतं, दादा."

"मग कशाला उकरून काढायचं?"

"बाबांना सांगायला कुणी नव्हतं. तुला मी सांगतेय."

रंधा थांबला. दादाने हाताने भुसा झटकला, फळी उलटी करून पाहिली आणि म्हणाला, "सुई कुठे टोचतात?"

"कोपराच्या आतल्या बाजूला. आणि दुर्बिणीच्या वेळी झोपवतात. काही कळत नाही."

"तू येशील ना?"

"मीच नेणार आहे तुला."

दादाने रक्त दिलं. दुर्बिणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यायचं होतं. दादाने दर अर्ध्या तासाने बहिणीला फोन केला. पाचव्या फोनला म्हणाला, "आता आत काही उरलेलं नाही. परवाचंही गेलं." मागून वहिनींचा आवाज आला, "रंधा मारायला सांगा, लवकर वेळ जाईल." दोघी हसल्या. दादा हसला नाही.

तपासणीत तीन गाठी निघाल्या. डॉक्टरांनी त्या तिथल्या तिथे काढून टाकल्या आणि प्रयोगशाळेत पाठवल्या. तो आठवडा ब्रेकबाईंना जड गेला. एका शिकाऊ मुलीला त्यांनी डावीकडे वळायला सांगितलं आणि बोट उजवीकडे दाखवलं.

रिपोर्ट ऐकायला त्या दादाला आणि वहिनींना घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, "मोठी गाठ बिघडायच्या मार्गावर होती. पण कॅन्सर नाही. दोन-तीन वर्षांनी आला असतात, तर कदाचित मला वेगळं काही सांगावं लागलं असतं." जनुकातला दोष दादातही होता, दर वर्षी यायचं होतं. वहिनींचा जीव भांड्यात पडला. दादा खुर्चीतून उठला आणि डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ तसाच उभा राहिला.

मुलीचा रिपोर्ट त्याच आठवड्यात आला. तिच्यात दोष नव्हता. ब्रेकबाईंनी तो दोनदा वाचला आणि मुलीला जवळ घेतलं.

दादाच्या मोठ्या मुलात मात्र तो निघाला. मुलगा घाबरला, तेव्हा दादानेच त्याला समजावलं. "झोपवतात रे," तो मुलाला म्हणाला, "काही कळत नाही. औषध तेवढं वाईट आहे. मी येतो तुझ्याबरोबर." मग दादाने आपल्या आत्याच्या मुलांचे नंबर शोधून काढले आणि एकेकाला फोन लावायला बसला.