मीटरात टाकायचा शिलिंग

सस्काटूनच्या त्या वृद्धाश्रमात मी केअर एड म्हणून लागले, तेव्हा माझी पुण्याची बी.एड.ची पदवी घरी बेसमेंटमधल्या एका बॅगेत पडून होती. काम कळायला वेळ लागला नाही. म्हाताऱ्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, नाश्ता भरवायचा.

त्या जानेवारीत कोपऱ्यातल्या खोलीतले आजोबा रोज सकाळी ओव्हरकोट घालून भिंतीशी वाकलेले दिसायचे. पंचाऐंशीचे, मूळचे इंग्लंडमधल्या लीड्सचे. बरंच काही विसरायला लागले होते. खोली इतकी गरम असायची की मला घाम यायचा.

“काय शोधताय?” मी विचारलं.

“मीटर. गॅस संपलाय. एखादा शिलिंग आहे का तुझ्याकडे?”

मी खिशातलं क्वार्टर, पंचवीस सेंटचं नाणं, काढून दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत केलं. “यावर हरीण आहे. शिलिंगवर सिंह असतो.”

ही गंमत मी जेवणाच्या सुट्टीत माझ्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीला सांगितली. ती नैरोबीची. “आमच्याकडे अजून शिलिंगच चालतात,” ती म्हणाली. “इंग्रज गेले, ते मागे राहिले.” दुसऱ्या दिवशी तिनं पर्सच्या तळाशी राहिलेलं एक नाणं आणलं. त्यावर ढाल धरलेले दोन सिंह होते. आजोबांना ते चाललं. मी कोकोच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून तो मीटर म्हणून पडद्यामागे ठेवला. नाणं आत पडल्याचा आवाज आला, तसा त्यांनी कोट काढला आणि निमूट ओट्स खाल्ले.

मग ते रोजचंच झालं. दुपारी मी तेच नाणं काढून ठेवायची.

नाश्ता करता करता ते सांगायचे. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. बोलताना त्याला बॉब म्हणायचे. आईबरोबर ते भाड्याच्या एका खोलीत राहायचे, तिथं मीटरमध्ये शिलिंग टाकला की खोली गरम करणारी गॅसची शेगडी संध्याकाळभर चालायची. त्यांच्या आजोबांनी सैन्यात भरती होताना भरतीची खूण म्हणून राजाचा शिलिंग घेतला होता. “तो हातात घेतला की संपलं. परत देता येत नाही,” ते म्हणाले. मी म्हटलं, माझे वडील सोळा आण्यांचा रुपया सांगायचे, चवली, पावली. “मग तुला हिशेब जमेल,” ते म्हणाले.

लायब्ररीत जाऊन मी वाचलं. इंग्लंडनं पौंडाचे शंभर पेन्स केले तेव्हा शिलिंग बंद झाला, पण जुनं नाणं पुढे बरीच वर्षं पाच पेन्स म्हणून चालत राहिलं. आजोबा त्याआधीच कॅनडात आले होते. त्यांना मी यातलं काही सांगितलं नाही.

फेब्रुवारीत माझ्या नवऱ्याचा कॅल्गरीहून फोन आला. तिथं नोकरी लागून त्याला वर्ष झालं होतं. “मी आता परत येत नाही. तू समजून घे.”

मी “बरं” म्हणाले. मग विचारलं, “बेसमेंटमध्ये तुझे जुने विंटर टायर्स आहेत, ते नेणार का?”

“नको,” तो म्हणाला.

फोन ठेवून मी कपडे ड्रायरमध्ये घातले. रडू येईल म्हणून जरा थांबले. आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कामावर हजर होते.

त्या दिवशी मी नाणं दिलं, पण आजोबांनी ते डब्यात टाकलं नाही. माझा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही. “तू फार गारठलीयेस, पोरी. तुझ्या खोलीत मीटर आहे ना?” त्यांनी नाणं माझ्या मुठीत दाबलं. “आज तू टाक. मी कोट घालून बसतो.”

मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी “थँक्यू” म्हणाले आणि त्यांच्या कोटाची बटणं लावून दिली.

मार्चमध्ये त्यांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात नेलं, तिथून ते परतले नाहीत. खोली दोन तासांत रिकामी झाली. नैरोबीची मैत्रीण वॉशरूममध्ये जाऊन रडली. मी चादरी बदलल्या. नाणं तिला परत दिलं.

जूनमध्ये घटस्फोटाचे कागद आले. मी किचन टेबलाशी बसून सह्या केल्या. माझी नऊ वर्षांची मुलगी शेजारी उभी होती.

“आर यू सॅड, आई?” तिनं विचारलं.

“माहीत नाही गं,” मी म्हटलं.

 ती स्टूल ओढून त्यावर चढली आणि दोघींसाठी नूडल्सचं पाणी ठेवायला लागली.