वस्तऱ्याखालचं एकमत

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या दादांशी मतभेद असलेला माणूस अख्ख्या गल्लीत सापडला नसता. कारण सरकार कसं चालवावं हे दादा सांगायचे, ते गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावून. मध्येच, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, हेही सांगून टाकायचे. गिऱ्हाईक हूं की चूं करायचं नाही आणि दादांना वाटायचं, काय पटतंय याला!

परवा दाढ ठणकली म्हणून दादा दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांच्या तोंडात कापूस कोंबून बाई सुरू झाल्या: सरकार अगदी झकास चाललंय, आणि ऑक्टोपसला म्हणे दोन हृदयं असतात! दादांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"फार दुखतंय का?" बाईंनी विचारलं.

घरी येताच दादा बायकोवर उखडले, "अगं, समोरच्याला बोलूच द्यायचं नाही, ही काय रीत झाली?" वीस वर्षं त्यांच्याशी संसार केलेली बायको गालातल्या गालात हसली.

दुसऱ्या दिवसापासून दादा सुधारले. आता दर चार वाक्यांनी ते वस्तरा बाजूला घेतात आणि आपुलकीने विचारतात, "पटतंय ना?"

गिऱ्हाईक तोंड उघडतंय तोवर त्यावरून साबणाचा ब्रश फिरलेला असतो.